भिंतीवरचा नोव्हेंबर

ड्रायफोर्क, पेनसिल्व्हेनिया
४ सप्टेंबर २०२२

ताई,

फोनवर आपण दोघंही ओरडतो, आणि मग आई स्वयंपाकघरातून विचारते, "कोण रे, बर्नी का? दे इकडे." म्हणून लिहितोय. कागदावर ओरडलं तर निदान शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या नेहमीच्या जागेवर कुणीतरी पेपर उघडा टाकून ठेवला होता. मुद्दाम. 'ओहायोतल्या तीन कुटुंबांचा टॅरंट आर्म्सवर खटला.' आपल्याच फॅक्टरीवर, आणि तिघांत पहिलं नाव तुझं. तुझं आडनाव मॅकार्डल झालं म्हणून काय झालं, बर्नी ग्रुश्का कोण हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी पेपराची घडी घातली, त्यावरच डबा ठेवला आणि जेवलो.

ताई, तुझा ऑगी गेला तेव्हा हीच माणसं दोन बस भरून ओहायोला आली होती. फॅक्टरीने शिफ्ट बंद ठेवली होती. तुझ्या दारात बर्फ साफ करत होता तो जॉर्डी, तो आता माझ्याशी बोलत नाही. आणि त्याचंही काय चुकलं सांग? फॅक्टरी हलवायला टेनेसीत साहेब लोक जमीन बघून आलेत. तिथले पुढारी पायघड्या घालून बसलेत. त्यांना फक्त निमित्त हवंय, आणि तू ते ताटात वाढून देतेयस.

गाडीखाली माणूस मेला तर गाडी बनवणाऱ्याला कुणी कोर्टात खेचतं का? मी बंदुकीच्या नळ्या सरळ करतो. उभं आयुष्य तेच केलं. नळीतून उजेडाकडे बघायचं, आतली सावलीची रेघ वाकडी दिसली की दाब द्यायचा. गोळ्या झाडणाऱ्या त्या हरामखोर पोराला मी ओळखत नाही. बंदूक त्याला दुकानदाराने दिली, कागद बघून, कायद्याने.

आई बरी आहे म्हणायची. सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहून ऑगीशी बोलते. ते पान तिने २०१० पासून उलटलेलंच नाही. तुला आठवतं ना, कंपनीच्या सहलीत फोटोवाला कॅलेंडरासाठी कामगारांच्या घरची बारा पोरं निवडायचा, आणि आपल्या पोराला शिकारीचा महिना मिळावा म्हणून बायका एकमेकींशी अबोला धरायच्या. मला पोरबाळ नाही म्हणून मी भाच्याचं नाव घातलं, आणि मिळाला की नोव्हेंबर! पुढचा दात पडलेला, माझी केशरी टोपी कानांपर्यंत आलेली. गाव त्याला अजून नोव्हेंबरच म्हणतं. परवा फुलांच्या दुकानातली बाई मला म्हणाली, "नोव्हेंबरच्या आईने असं करावं?"

तो गेलाय हे आईला कधी आठवतं, कधी नाही. आठवलं की ती दिवसभर जेवत नाही.

एवढंच मागतो. तुझं नाव काढून घे. बाकीचे दोघं लढू देत. आम्हाला जगू दे.

लेन


वेस्ट हार्लन, ओहायो
१९ सप्टेंबर २०२२

लेन,

वकीलबाईंनी बजावलंय की खटल्याबद्दल कुणालाही अक्षर लिहायचं नाही. पण तू 'आम्हाला जगू दे' म्हणालास, आणि मला ते सहन झालं नाही. जगायचं कुणाचं राहिलंय रे? माझा एकुलता एक पोरगा स्केटिंगच्या हॉलमध्ये काउंटरमागे उभा राहून लोकांना बूट काढून देत होता. दहा नंबर, आठ नंबर, लहान पोरांचे दोन नंबर. तिथे गेला तो.

गाडीचं म्हणशील तर तो मुद्दा तू टीव्हीवरून उचललायस. गाडीचा ब्रेक लागला नाही तर कंपनीला कोर्टात उभं करता येतं. पाळण्याचा गज निसटला, शिडीची पायरी मोडली, सगळ्यांना उभं करता येतं. फक्त या धंद्यावर वॉशिंग्टनने २००५ साली कायद्याची छत्री धरलीय. गुन्हा तिसऱ्याने केला, आमचा काय संबंध, असं म्हणून कंपनी सुटते. त्या छत्रीला एक भोक आहे. कंपनीने स्वतःच एखादा कायदा मोडून माल विकला असेल, जाहिरात केली असेल, तर सुनावणी होऊ शकते. आमच्या वकीलबाई त्या भोकातून आत शिरायचं बघतायत. पैसे मागायला नाही गेले मी, लेन. मला फक्त त्यांना एका खुर्चीत बसवून विचारायचंय की ती जाहिरात कुणासाठी केली होती.

तू बघितलीयस ती. अंधाऱ्या खोलीत पाठमोरा पोरगा, खांद्याला बंदूक, खाली मोठ्या अक्षरांत, 'आता घाबरायची पाळी त्यांची.' हरणांना उद्देशून आहे का रे ती? हरणं वाचतात का? पोरं खेळांचे व्हिडिओ बघतात त्याच्या अधेमधे ती दाखवली जायची. ज्याने ऑगीला मारलं त्याने ती छापून पलंगाच्या वरच्या भिंतीवर चिकटवली होती, आणि अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात तो दुकानात गेला. त्याला कोण घाबरवत होतं? शाळेत त्याच्याशी कुणी बोलतसुद्धा नव्हतं.

दोन बस आल्या होत्या, मान्य. कंपनीचा हारही आला होता, पांढऱ्या फुलांचा, पट्टीवर नाव लिहिलेला. मी त्या हाराजवळ उभी राहून लोकांचे हात हातात घेतले. बंदूक कुठल्या कंपनीची होती ते पोलिसांनी त्यानंतर आठ दिवसांनी सांगितलं.

आता मी एक विचारते. त्या बंदुकीचा नंबर खटल्याच्या कागदांत आहे. तो मी तुला देते म्हटलं तर तू बघशील का? ती नळी तुझ्या हाताखालून गेली होती का?

बर्नी


ड्रायफोर्क
६ डिसेंबर २०२२

ताई,

नंबर नळीवर नसतो, बंदुकीच्या चौकटीवर असतो. मला कसं कळणार? पुन्हा विचारू नकोस.

तुझं पत्र मी खूपदा वाचलं. जाहिरात घाणेरडी आहे. आली तेव्हा आम्ही कामगार हसलो होतो, "हा कोण हिरो, याला जंगलात सोडा, लघवी होईल याची." ती शहरात बसून कोणीतरी केली, आम्हाला कुणी विचारलं नाही. पण शिक्षा कुणाला होणार? त्यांना नाही. जॉर्डीला होणार, मला होणार. कायदे करायचेत ना, मग आमदारांना धर. वय वाढवा म्हण, चौकशी कडक करा म्हण, मी सही करतो, आईशप्पथ करतो. शिकाऱ्याला असल्या बंदुकीची गरज नसते हे आम्हा शिकाऱ्यांना कुणी सांगायला नको. पण खटला भरून फॅक्टरी बुडवणं हा कायदा नव्हे, सूड आहे. सूड तुला घ्यावासा वाटतो ते मला कळतं. मलाही वाटतो.

शिकारीचा पहिला सोमवार होता. शाळा बंद, फॅक्टरी बंद, नेहमीसारखं. मी एकटाच गेलो. एरवी जॉर्डीच्या गाडीतून आम्ही चौघं जायचो. हरणाचा चांगला नर मिळाला. दरवर्षीप्रमाणे अर्धं मांस चर्चच्या जेवणाला पाठवलं, तर संध्याकाळी पाकीट जसंच्या तसं पायरीवर. चिठ्ठीसुद्धा नाही.

आणि आईचं ऐक. चर्चच्या तळघरात बायका दर गुरुवारी बटाटा भरून पियेरोगी करतात ना विकायला, तिथे आई चाळीस वर्षं कडा चिमटायला बसते. तिच्या चिमट्याची पियेरोगी उकळताना फुटत नाही म्हणून सगळ्या तिच्यापुढे परात सरकवायच्या. गेल्या महिन्यात तिला म्हणाल्या, "स्टेफनी, आता तुम्ही आराम करा." ती घरी आली आणि म्हणाली, "माझे हात थरथरतात म्हणून असेल." मी म्हटलं, "हो, म्हणूनच." काय सांगणार होतो?

हल्ली एक तरुण मुलगा तिला भेटायला येतो. चकचकीत बुटांचा आहे म्हणे. मी कामावर असताना येतो, तिच्या हातचं खातो, गोष्टी ऐकतो. चर्चने पाठवला असावा, त्यांनाही मनाला लागलं असेल. बरं झालं. माझ्याशिवाय तोंड बघायला कुणी नव्हतं तिला.

नाताळला येशील का? येऊ नकोस म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण येऊ नकोस.

लेन


वेस्ट हार्लन
२० फेब्रुवारी २०२३

लेन,

आज वर्ष झालं. सकाळी तुझा फोन वाजला, मी उचलला नाही. माफ कर. काय बोललो असतो आपण?

आमदारांना धर म्हणालास ना? धरलं. बंदूक घ्यायचं वय एकवीस करा असं एक बिल आलं होतं, त्याची सुनावणी झाली. मी गेले. प्रत्येकाला तीन मिनिटं. समोर एक दिवा, हिरवा, मग पिवळा, मग लाल. लाल झाला की माइक बंद. मी ऑगीबद्दल काय बोलायचं ते घरी घड्याळ लावून बसवलं होतं. तो लोकांच्या पायांकडे बघून बुटाचा नंबर ओळखायचा आणि कधी चुकायचा नाही, एवढंच सांगत होते, तर पिवळा झाला. मग घाई झाली. त्याच्या छातीबद्दल बोलायला लागले आणि लाल. माझे ओठ हलत राहिले, आवाज गेला. समितीतला एकजण सँडविच खात होता. मला त्याचा राग नाही आला, खरं सांगते. त्याला भूक लागली असेल.

माझ्यामागून एक बाई उठली. तिच्या नवऱ्याने दारू पिऊन दार फोडलं होतं, तिने बंदूक दाखवली म्हणून ती आणि पोरं वाचली. तीही रडत होती. तिचाही माइक लाल झाल्यावर बंद झाला. बाहेर आम्ही दोघी एकाच बाकावर बसलो, तिने मला रुमाल दिला. कोण बरोबर आणि कोण चूक हे मला त्या बाकावर सांगता आलं नसतं. बिल समितीतच गाडलं. मतदानालासुद्धा आलं नाही.

म्हणून खटला, लेन. सूड म्हण नाहीतर काही म्हण. सगळी दारं लागली तेव्हा हे एकच किलकिलं राहिलं.

मे महिन्यात माझा जबाब आहे. कंपनीचे वकील समोर बसून हवं ते विचारणार. ग्लोरिया म्हणून एक आहे आमच्यात, तिची मुलगी बारा वर्षांची होती, स्केट्सची नाडी बांधत होती. ती माझ्यासोबत बसणार आहे. माझा हात धरून बसते ती. तिच्याशिवाय मी या वर्षात टिकले नसते.

तुझ्याकडून काही नको मला. फक्त त्यांच्या बाजूला उभा राहू नकोस. गप्प राहा, चालेल.

आईची माझ्याकडून पापी घे.

बर्नी


वेस्ट हार्लन
११ मे २०२३

लेन,

कंपनीच्या वकिलाने पारदर्शक पाकिटातून कॅलेंडरचं पान काढलं आणि टेबलावर माझ्यापुढे सरकवलं. आईच्या स्वयंपाकघरातलं पान. कुठलं दुसरं नाही, तेच. बीटच्या सुपाचा डाग आहे कोपऱ्यात. चौदा तारखेच्या चौकोनात आईच्या अक्षरात 'ऑगीचा दुसरा दात पडला' लिहिलंय. कंपनीकडे म्हणे जुनी कॅलेंडरं उरलीच नव्हती. मग हे कुठून आलं, लेन?

"हा मुलगा कोण?"

"माझा मुलगा."

"त्याच्या हातात काय आहे?"

"बंदूक."

"कुणाची?"

"टॅरंटची."

"त्या वेळी त्याचं वय?"

"सात."

"फोटो छापायच्या परवानगीवर ही सही तुमची? कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही."

"किती प्रती मागवल्या होत्या तुम्ही?"

पाच, लेन. पाच मागवल्या होत्या. फ्रिजवर लावली, ऑफिसात लावली, सासूला पाठवली. मी त्याला सांगितलं की ती हरणाची साधी बंदूक होती, रिकामी होती, तो आमच्या गावचा कौतुकाचा भाग होता, तुमच्या त्या अंधाऱ्या खोलीशी याचा काय संबंध. तो म्हणाला, "म्हणजे लहान मुलाच्या हातात आमचा माल बघून तुम्हाला अभिमान वाटला होता. एवढंच विचारायचं होतं."

मग त्याने विचारलं, "मुलाच्या खांद्यावर हा हात कुणाचा?" तुझा. नखात वंगण असलेला तुझा हात. मी म्हटलं, माझ्या भावाचा.

ग्लोरियाने माझा हात सोडला. रागाने नाही, हळूच. उठली आणि पाणी प्यायला बाहेर गेली, ती परत खोलीत आली नाही. आता ती फोन घेत नाही.

मी तुला म्हटलं होतं, गप्प राहा, चालेल. तेवढंही जमलं नाही तुला? आईच्या डोळ्यांसमोरून ते पान काढताना तुझा हात धजला कसा? काय दिलं रे त्यांनी तुला?

हो की नाही, एवढं लिही.

बर्नी


ड्रायफोर्क
२८ मे २०२३

ताई,

हो. मी दिलं.

काही मिळालं नाही. फॅक्टरी राहावी म्हणून दिलं. त्यांना कळलं होतं की ऑगी कॅलेंडरात होता, मी पान खिळ्यावरून काढलं आणि दिलं. वापर असा करतील हे डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी कदाचित दिलं असतं, तू म्हणतेस तसाच मी आहे.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला फोनवर विचारू नकोस, उगाच तिच्या डोक्याला त्रास. तिला मी सांगितलंय की रंग देण्यासाठी उतरवलंय. तेवढं एक माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी कर. शपथ घालतो तुला ऑगीची.

शिव्या मला घाल. हव्या तेवढ्या घाल.

लेन


वेस्ट हार्लन
९ जानेवारी २०२४

लेन,

निकाल लागला. खटला फेटाळला. सुनावणी झालीच नाही, ज्युरीसमोर कुणी उभं राहिलं नाही, त्या खुर्चीत कंपनीचा कुणी बसला नाही. न्यायाधीश म्हणतात, तुमच्या दुःखाबद्दल कोर्टाला मनापासून सहानुभूती आहे, पण वॉशिंग्टनच्या काँग्रेसने कायदा केलाय आणि जाहिरात वाईट असली तरी बेकायदा ठरत नाही. तक्रार असेल तर ती कायदे करणाऱ्यांकडे घेऊन जा. म्हणजे त्या लाल दिव्यापाशी.

मी निकाल वाचून काढला, सगळा, दोनदा. तुझ्या कॅलेंडरचा त्यात एका शब्दाने उल्लेख नाही. त्यांना ते लागलंच नाही. त्यांनी ते पान टेबलावर आणलं नसतं तरी हेच झालं असतं, अक्षरशः हेच. कायद्याची भिंत आधीपासून तिथे होती. तू माझं काळीज काढून त्यांना दिलंस आणि त्यांनी ते वापरलंसुद्धा नाही, लेन.

ग्लोरिया निकालाच्या आधीच बाहेर पडली होती. तिच्या वकिलाकडून कागद आला. मी तिच्या घरी गेले, तिने दार उघडलं, म्हणाली, "तुझ्यावर राग नाही माझा. पण तुला बघितलं की मला तो फोटो दिसतो." दार लावून घेतलं. माझ्या दुःखात माझं म्हणावं असं एवढं एकच माणूस होतं.

वरच्या कोर्टात जायचं का, असं वकीलबाई विचारत होत्या. त्यांचाच आवाज पडलेला होता. मी नको म्हटलं. अंगात काही उरलं नाही आता. रात्री जेवायला माझं आणि ऑगीचं अशी दोन ताटं घेते आणि मग एक परत ठेवते, अजून.

तुला पुन्हा लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. आई गेली तर कळव, मी येईन, तुझ्या शेजारी उभी राहणार नाही. तुझी शपथ मी पाळली, तिला काही विचारलं नाही. रविवारी तिचा फोन येतो तेव्हा आम्ही हवामानावर बोलतो.

बर्नाडेट


ड्रायफोर्क
३ सप्टेंबर २०२४

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. उत्तर देऊ नकोस.

फॅक्टरी चाललीय टेनेसीला. खटला जिंकूनही चाललीय. तिथे मजुरी कमी, कर माफ, आणि साहेब म्हणाले, "तिथले लोक आम्हाला मनापासून हवे म्हणतात." निरोपाच्या दिवशी प्रत्येकाला एक टोपी दिली. केशरी. जॉर्डीने ती तिथेच नदीत टाकली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, "तुझी बहीण उगाच बदनाम झाली रे. हे आपल्याला असंही विकणारच होते." मला वाटलं, हे तुला कळवावं. त्याचा आता काय उपयोग, ते मला माहीत नाही.

तिथल्या नव्या पोरांना नळी बघायला शिकवायला मला बोलावलंय. वर्षभर. मी हो म्हटलं. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला इथे कोण काम देतो? आईला नन लोकांच्या घरात ठेवलं, सेंट हेडविगला. खोली उन्हाची आहे. घर विकायला काढलं. सामान आवरलं, पण तिच्या खुर्चीमागे भिंतीवर एक पांढरा चौकोन राहिलाय, बाकी भिंत धुराने पिवळी. तो पुसून जात नाही. घेणारा म्हणाला, रंग द्यावा लागेल.

तू विचारलं होतंस ती नळी माझ्या हाताखालून गेली का. ताई, सगळ्याच जातात. नळ्या बघणारा त्या शिफ्टला मी एकटाच होतो. मी ती उजेडाकडे धरली असणार, रेघ सरळ आहे बघून पुढे सरकवली असणार. चांगली होती म्हणून सरकवली. दुसरं काय लिहू?

रविवारी आईला फोन करत जा. मी नसेन आता तिथे.

लेन


सेंट हेडविग वृद्धाश्रम, ड्रायफोर्क
१ नोव्हेंबर २०२४

लाडक्या बर्नी,

सिस्टर ॲग्नेसने कागद दिला आणि पेन दिलं. हात थरथरतो म्हणून मोठं लिहितेय. आज सगळ्या संतांचा दिवस. दरवर्षी मी आणि लेन तुझ्या बाबांच्या कबरीवर दिवा लावायला जातो. आज कुणी नेलं नाही. सिस्टर म्हणाली, इथे खिडकीत लावा, तो तिकडे दिसतो. मी दोन लावले. एक बाबांचा, एक ऑगीचा. आज मला आठवतंय तो गेला ते. सकाळपासून आठवतंय.

लेन टेनेसीला गेला. जाताना रडला, एवढा मोठा बाप्या. तुझा फोन येतो तेव्हा तू त्याचं नाव काढत नाहीस. काय झालंय तुमचं? लहानपणी तू त्याच्या वाटणीचं दूध प्यायचीस आणि तो कधी सांगायचा नाही. तसला आहे तो.

मला तुझ्याकडे एक काम आहे. घरी एक मुलगा यायचा ना माझ्याकडे, चकचकीत बुटांचा, फार गुणी. माझी कोबीची भाजी दोनदा मागून घ्यायचा. फॅक्टरीच्या ऑफिसातला होता. मी त्याला भिंतीवरचा आपला नोव्हेंबर दाखवला. म्हटलं, बघ, माझा नातू, तुमच्याच कॅलेंडरात होता, सगळ्या गावातून त्याला शिकारीचा महिना मिळाला. तो कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, "आजी, किती जुनं झालंय हे, डाग पडलेत. मला द्या, मी काचेत मढवून आणतो." मी खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिलं. त्याने माझ्या गालाची पापी घेतली.

संध्याकाळी लेनने रिकामी भिंत बघितली आणि माझ्यावर ओरडला. कधी ओरडत नाही गं तो. मग तिथेच खाली बसला आणि डोकं धरलं. म्हणाला, "आई, बर्नीला यातलं अक्षर सांगू नकोस. कुणी विचारलं तर मी दिलं म्हणून सांगेन." मला कळलं नाही यात लपवायचं काय. मढवायलाच तर दिलं होतं. पण तो इतका कळवळून बोलला म्हणून मी गप्प राहिले. आता तो इथे नाही, आणि मी म्हातारी झाले, म्हणून तुला लिहितेय.

तो मुलगा परत आला नाही. तू शिकलेली आहेस, तुला कुठे लिहायचं ते माहीत असेल. त्याला रागावू नकोस, विसरला असेल बिचारा. काच नसली तरी चालेल म्हणावं, नुसतं पान दे. इथे माझ्या पलंगासमोर सिस्टरने खिळा ठोकून दिलाय. आज नोव्हेंबर लागला आणि भिंतीवर काही नाही.

तुझी,
आई